नववीतल्या मुलाचं वजन: डाएट थांबवा, साडेचारचं जेवण सुरू करा

प्रश्न असा आहे: मुलगा 14 वर्षांचा, नववीत शिकतो. उंची 160 सेंमी, वजन 72 किलो. शाळा सकाळी 7 ला, क्लास संध्याकाळी 5 ते साडेआठ. गेल्या वर्षात दोनदा डाएट झालं. दोन्ही वेळा तीन-चार किलो उतरले आणि पुढच्या दोन महिन्यांत त्याहून जास्त चढले. आता वजनाचा विषय निघाला की तो खोलीचं दार लावून घेतो. आई विचारतात, कुठून सुरुवात करू?

ताई, आधी आकड्याचं पाहू. 72 किलो आणि 160 सेंमी म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 28.1. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावर वाचतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2015 च्या तक्त्यात वरच्या दोन रेषा मोठ्या माणसांच्या 23 आणि 27 या आकड्यांशी जोडलेल्या आहेत. पहिली रेषा जास्त वजनाची, दुसरी लठ्ठपणाची. 14 व्या वर्षी दुसरी रेषा 27 च्याही खाली असते, म्हणजे तुमचा मुलगा तिच्या बराच वर आहे. हे मनाशी स्वच्छ मान्य करा, पण त्याला ऐकवू नका. त्याला ते माहीत आहे. शाळेत रोज कुणीतरी सांगतंच.

आता दिलासा देणारी बाजू. ज्या मुलाची मिसरूड नुकती फुटते आहे त्याची उंची अजून वाढायची आहे. समजा दीड-दोन वर्षांत तो 168 सेंमीचा झाला आणि वजन 72 लाच राहिलं, तर बीएमआय 25.5 वर येतो. एक किलोही न उतरवता. म्हणून सध्याचं ध्येय एवढंच ठेवा की वजन आहे तिथे थांबावं. महिन्याला एखादा किलो आपोआप उतरला तर ठीक, पण त्याच्या मागे लागू नका. (मुलीचं गणित वेगळं असतं. पाळी सुरू झाल्यावर साधारण 5 ते 7 सेंमीच उंची वाढते, त्यामुळे तिथे लवकर लक्ष घालावं लागतं.)

दोन्ही डाएट का फसली ते समजून घेतलं नाही तर तिसरंही फसेल. वाढत्या वयात पोट उपाशी ठेवलं की शरीर भूक वाढवतं, आणि ज्या पदार्थावर बंदी घातली तोच डोक्यात घर करून बसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की किशोरवयीन मुलांना डाएटला लावू नका, घरात त्यांच्या वजनावरून बोलणं थांबवा आणि एकत्र जेवणं वाढवा. डाएट करणाऱ्या मुलांचं वजन पुढे जास्त वाढतं आणि खाण्याचे विकार जडण्याचा धोकाही वाढतो, हे त्यामागचं कारण.

तेव्हा मुलाच्या ताटापेक्षा घराच्या घड्याळाकडे पाहा. सकाळची शाळा आणि संध्याकाळचा क्लास असलेल्या मुलाचा दिवस कागदावर मांडला तर तो बहुतेक वेळा असा दिसतो. सव्वासहाला कसाबसा उठतो, अर्धा कप दूध पिऊन पळतो. साडेनऊच्या सुट्टीत डब्यातली एक पोळी खातो, दुसरी तशीच परत येते. दीडला घरी, मोबाईलवर नजर ठेवून वरण-भात पाच मिनिटांत संपतो. मग झोप. साडेचारला घाईघाईत चहा आणि खारी. सातच्या मधल्या सुट्टीत क्लासखालच्या गाडीवर दोन वडापाव. नऊला घरी येतो तेव्हा भुकेने चिडलेला असतो, चार पोळ्या आणि वर भात. साडेअकराला चिवड्याचा डबा मांडीवर. झोपायला सव्वाबारा.

या दिवसात दुपारी चारपर्यंत पोटात फार काही गेलेलंच नाही. दिवसाचं बहुतेक खाणं साडेचारनंतर झालंय, तेही सगळ्यात दमलेल्या वेळी. आई म्हणते, डब्यातली पोळी परत आणतो आणि रात्री हावरटासारखा खातो. पण तो हावरट नाही. दिवसभराची उधारी रात्री वसूल करतोय. सकाळी मग भूक नसते आणि चक्र पुन्हा तिथूनच फिरतं.

हे चक्र एकाच जागी तोडता येतं: साडेचारला. रात्रीच्या जेवणातला मोठा भाग उचलून क्लासच्या आधी ठेवा. चहा-खारी नको, पानात वाढलेलं जेवण हवं. दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, एक मोठी वाटी मटकीची उसळ, पिठलं किंवा घट्ट डाळ, वर काकडी-टोमॅटो आणि पेलाभर ताक. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांची भुर्जी आणि पोळी. तुम्ही कामावर असाल तर सकाळच्या स्वयंपाकातच हा डबा वेगळा काढून फ्रिजमध्ये ठेवा, त्याला फक्त गरम करायचा आहे. यात प्रथिनांचा वाटा मोठा हवा, त्याने पोट तीन-चार तास धरून राहतं. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ते 7 ग्रॅम, मोठी वाटी घट्ट डाळीत किंवा उसळीत तेवढीच, 50 ग्रॅम पनीरमध्ये 9 च्या आसपास. वरण पातळ पाण्यासारखं असेल तर हा हिशेब धरू नका.

सातच्या सुट्टीसाठी दप्तराच्या बाहेरच्या खिशात मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे किंवा एक केळं. वडापाव खायचा नाही असं बजावू नका. एका वडापावात साधारण 300 कॅलरी असतात, दोन म्हणजे 600, म्हणजे जवळपास एक जेवण. पण साडेचारचं जेवण नीट झालेलं असेल तर दोनाचा एक आपसूक होतो आणि रोजचं आठवड्यातून दोनदा होतं. मित्र गाडीवर उभे असताना त्याने एकट्याने चणे फोडत बाजूला उभं राहावं, ही अपेक्षा चौदाव्या वर्षी अन्यायाची आहे.

रात्री नऊला हलकं: एक मुगाचं धिरडं नि कोशिंबीर, किंवा वाटीभर भात, आमटी आणि भाजी. पहिल्या आठवड्यात तो दोन्ही वेळा पोटभर जेवेल. तुम्हाला वाटेल हे तर वाढलंच! थांबा. शरीराला भरवसा बसायला आठ-दहा दिवस लागतात. रात्रीची भूक कमी झाली की सकाळची उघडते. ती उघडली की मग पोहे, उपमा, थालीपीठ किंवा अंडं-पोळी असा खरा नाश्ता सुरू करा. त्याआधी सकाळी जबरदस्तीने खायला घालू नका, उलटीसारखं होतं आणि भांडण वाढतं.

काय शिजवायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं हे त्याचं त्याने. तिसरी पोळी मागितली तर "झाली की आता!" म्हणू नका, वाढा. आणि पोट भरल्यावर "एवढंसं उरलंय, टाकायचं का?" हेही म्हणू नका. आपल्याकडे पान स्वच्छ करण्याचा संस्कार आहे, अन्नाची किंमत ठेवावीच, पण त्यासाठी आधी कमी वाढा आणि लागेल तसं पुन्हा घेऊ द्या. ताटातलं संपवण्याच्या सवयीने पोट भरल्याची जाणीवच बोथट होते.

आता स्वयंपाकघर. इथे दोनच गोष्टींवर जोर द्या, तेल आणि प्यायची साखर. स्वयंपाकात घालायचं तेल माणशी दिवसाला 15 ते 20 ग्रॅम, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पुरतं. चौघांच्या घराला महिन्याला सुमारे दोन ते अडीच किलो. पाच किलोचा डबा तुमच्याकडे महिन्यात संपत असेल तर दुपटीने जातंय. नवीन डबा फोडला की त्यावर तारीख लिहा. फोडणीला पिशवीतून थेट ओतू नका, चमच्याने मोजून घाला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळेल तेल कुठे मुरतंय: बहुतेक वेळा भाजीपेक्षा तळणीतून उरलेलं तेल "वाया जाऊ नये" म्हणून वापरण्यात आणि पोळीला दोन्ही बाजूंनी लावण्यात.

साखरेत खाण्यापेक्षा पिण्याची जास्त त्रासदायक, कारण तिने पोट भरत नाही. बाटलीवर 100 मिलीमागे साखर लिहिलेली असते. 11 ग्रॅम लिहिलं असेल तर 300 मिलीच्या बाटलीत 33 ग्रॅम झाली, साडेसहा चमचे. दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते, ते एका बाटलीतच ओलांडलं. आंब्याच्या खोक्यातल्या रसालाही हेच लागू. दुधात घालायच्या पावडरीत पुष्कळदा साखरच मोठी असते. उंची वाढेल या आशेने दोन-दोन मोठे चमचे घालू नका, उंची त्याने वाढत नाही. चहाची साखर एका फटक्यात बंद केली तर चहा बाहेर प्यायला जाईल. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जीभ तक्रार करत नाही.

फरसाण, बिस्किटं, वेफर्स घरात भरून ठेवायची आणि "तू खाऊ नकोस" म्हणायचं, हा मुलाचा छळ आहे. बारीक धाकट्या बहिणीसाठी वेगळा डबा आणि त्याच्यासाठी काकडी, हेही नको. जे घरात येणार नाही ते कुणासाठीच नाही, आणि जे आलंय ते सगळ्यांसाठी. रविवारी मिसळ आणायची तर सगळ्यांनी बसून मजेत खायची. दिवाळीचा फराळ चार दिवस मनसोक्त, पण पंधरा किलोंचा घाट घालून तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवू नका. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी हलकी समजली जाते. ती हलकी नाही, तेल-शेंगदाण्यात परतलेला पिष्टमय पदार्थ आहे. वाढत्या मुलाला उपवास नसलेलाच बरा.

झोपेचं बोलायलाच हवं, कारण झोप कमी पडली की भूक वाढते. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप हवी. सव्वाबारा ते सव्वासहा म्हणजे सहा. कमी झोपेने भूक वाढवणारी संप्रेरकं (हार्मोन्स) चढतात आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेल्याकडे हात जातो. मनाचा दुबळेपणा इथे कुठे आलाच नाही. वयात येताना झोपेचं घड्याळ मुळातच पुढे सरकतं, या मुलांना रात्री लवकर झोप येत नाही. राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, पण ज्यांना त्याची खरी गरज आहे ती नववी-दहावीची मुलं त्यातून सुटली. तुमच्या हातात काय आहे तर सगळ्यांचे मोबाईल रात्री 10 ला हॉलमध्ये चार्जिंगला लावणं. सगळ्यांचे. बाबा पलंगावर रील बघत असतील तर हा नियम दोन दिवस टिकणार नाही. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणली की रात्रीची आपोआप अलीकडे येते.

व्यायामात पालक सगळ्यात जास्त घाई करतात. पहाटे उठवून मैदानावर चार फेऱ्या पळायला लावतात आणि तिसऱ्या दिवशी तो अंथरुणातून निघत नाही. जाड मुलं पळायचं टाळतात त्यामागे एक साधं कारण असतं जे ती मरेपर्यंत सांगत नाहीत: मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात. घामाने चरचरतं, चालतानाही पाय फाकावे लागतात. गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत येणारी तंग सायकलिंग शॉर्ट पँटच्या आत घालायला द्या, बाहेर पडण्याआधी मांड्यांना व्हॅसलिन लावायला सांगा. दुसरं कारण छाती. या वयात मुलांच्या छातीला उभार येतो, त्यावरून पोरं फार वाईट चिडवतात, म्हणून तो पोहायला नको म्हणतो आणि उन्हाळ्यातही जाड टीशर्ट सोडत नाही. गडद रंगाचे, थोडे सैल, जाड सुती टीशर्ट आणून ठेवा, काही न बोलता.

सुरुवात पळण्याऐवजी ताकदीच्या व्यायामाने करा. वजनदार मुलांचे स्नायू सहसा दणकट असतात, त्यामुळे इथे तो इतरांपेक्षा पुढे असतो आणि त्याला प्रथमच काहीतरी जमतं. आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी पंधरा मिनिटं. खुर्चीवर हलकेच टेकून उठायच्या 8 ते 10 बैठका, भिंतीला हात लावून तितकेच जोर, दोन्ही हातांत भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या घेऊन खोलीच्या चार फेऱ्या. हे तीनदा, मध्ये मिनिटभर दम घेऊन. दोन आठवड्यांनी भिंतीऐवजी टेबलाच्या कडेवर जोर, मग जमिनीवर. जिम आणि प्रोटीन पावडरची या टप्प्यावर गरज नाही.

चालणं कामात गुंफा. क्लास दोन किलोमीटरवर असेल तर सायकल, जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिनिटं होतात. बसने जात असेल तर एक थांबा आधी उतरणं. रात्री जेवणानंतर घरातल्या एकाने त्याच्याबरोबर पंधरा मिनिटं फिरायला जावं, आणि त्या वेळात अभ्यास व वजन सोडून कशावरही बोलावं. रोज 60 मिनिटं हालचाल हे या वयाचं ध्येय आहे, पण ते तीन-चार महिन्यांत गाठायचं आणि तुकड्यांत मोजायचं. पीटीचा तास गणिताला जात असेल तर वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. दोन-तीन पालक मिळून गेलात तर जास्त ऐकलं जातं. आणि दहावी आली म्हणून खेळ बंद करू नका, त्या वर्षी बसून राहणं वाढतं आणि वजन चढायचा धोका असतो.

आता बंद दाराबद्दल. त्याच्याशी एकदाच बोला, जेवताना नाही, शक्यतो शेजारी बसून किंवा चालताना. "मागे दोनदा तुला उपाशी ठेवलं, ते माझं चुकलं. आपल्या घराच्या जेवणाच्या वेळाच बिघडल्यात, त्या मला नीट करायच्यात. क्लासच्या आधी काय खायला आवडेल सांग." एवढंच. वजन, जाड, पोट, बारीक हे शब्द त्यात नकोत. तो "काहीही" म्हणेल. तरी पर्याय दोन ठेवा आणि त्यालाच निवडू द्या, पुढे एखादा पदार्थ त्याला स्वतः करायला शिकवा. ज्या मुलाला आमलेट आणि धिरडं करता येतं तो साडेचारला खारीचा डबा उघडत नाही.

लग्नकार्यात मामा-काका "काय रे ढब्बू, घरातलं सगळं तूच खातोस का?" म्हणतात आणि सगळे हसतात. त्या क्षणी गप्प राहू नका. "त्याच्या शरीरावर आमच्याकडे कुणी बोलत नाही, मामा" असं मुलासमोर, शांतपणे म्हणा. आजीला आधी विश्वासात घ्या. तिचं प्रेम ताटातूनच येतं, तिला दुसरा मार्ग द्या: साडेचारचं गरम जेवण तिने वाढावं. गादीखाली चॉकलेटचे कागद सापडले तर ओरडू नका, कागद पुढ्यात धरू नका. लपून खाणं म्हणजे कुठेतरी भूक किंवा लाज जास्त झाली आहे. साडेचारचं जेवण चुकतंय का, शाळेत कुणी त्रास देतंय का, ते पाहा.

वजनकाटा न्हाणीघरातून हलवा. वजन महिन्यातून एकदाच करा, तेही त्याची हरकत नसेल तरच. उंचीही त्याच दिवशी मोजा. घरात पाहायला कमरेचा घेर पुरे, तो उंचीच्या निम्म्याच्या आत यावा, म्हणजे आज 80 सेंमीच्या आत. पहिल्या तीन महिन्यांत काटा हलला नाही तरी घाबरू नका. साडेचारचं जेवण आठवड्यातून पाच दिवस होतंय का, साडेदहाला दिवे बंद होतात का आणि जिना चढताना दम कमी लागतो का, एवढंच पाहा.

डॉक्टरांकडे एकदा नक्की जा, शक्यतो बालरोगतज्ज्ञांकडे. रक्तदाब (जाड दंडाला मोठा पट्टा लावूनच, लहान पट्ट्यावर आकडा खोटा वाढतो), उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉलचा तक्ता आणि यकृतासाठी एसजीपीटी. थायरॉइडवर फार आशा ठेवू नका. मुलाची उंची चांगली वाढत असेल तर वजनाचं मूळ थायरॉइडमध्ये क्वचितच असतं, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) किंचित वाढलेला असला तर तो पुष्कळदा वजनाचाच परिणाम असतो. उंची खुंटली आणि वजन वाढतंय असं असेल तेव्हा मात्र संप्रेरकांची तपासणी हवीच. त्याच्या मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा आहे का पाहा. तो मळ नाही. लिंबू, डाळीचं पीठ, घासणी काही लावू नका, कातडी सोलेल आणि डाग तसाच राहील. शरीरात इन्सुलिन नीट चालत नसल्याची ती खूण आहे, ती डॉक्टरांना दाखवा. वजन थांबलं की तीही हळूहळू फिकी होते.

काही गोष्टींत मात्र वाट पाहू नका. लंगडणं, किंवा मांडीत-गुडघ्यात दुखणं: वजनदार मुलांत कधीकधी खुब्याच्या हाडाचा गोळा जागचा सरकतो आणि दुखतं मात्र गुडघ्यात, त्याच दिवशी एक्सरे हवा आणि तोवर पाय टेकू देऊ नका. झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं. दृष्टी अंधूक होऊन डोकं दुखणं. खूप तहान आणि वारंवार लघवी. मुलीची पाळी तीन महिने न येणं. जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन उलटी काढणं, किंवा अचानक जेवणच सोडून भराभर बारीक होणं. हे शेवटचं पाहून घरच्यांना आनंद होतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला तर ते थट्टेवारी नेऊ नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 वर चोवीस तास सुरू असते, मराठीतूनही बोलता येतं. वजनाच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. तो निर्णय या विषयातल्या विशेषज्ञांचा आहे, आणि तोही घरातलं वर लिहिलेलं सगळं काही महिने मनापासून करून झाल्यावर.

एक काम याच आठवड्यात करा. शाळेची पँट कमरेला रुतत असेल तर "कमी झाल्यावर नवीन घेऊ" म्हणून थांबू नका. आज बसेल त्या मापाच्या दोन शिवून घ्या. बाकावर सहा तास पोट आवळून बसलेलं पोर मधल्या सुट्टीत खेळायला उठत नाही.